जीएफसी शीट साइटवर जाण्याआधीची तपासणी: लिस्पवर किती सोडायचं?

काटकोन

मंडळी, पुण्यातलं निवासी काम आहे. दोन विंग, खाली पार्किंग, वर १२ मजले. आर्किटेक्चर आणि आरसीसी मिळून १३८ जीएफसी शीट, म्हणजे साइटवर बांधायला द्यायची अंतिम ड्रॉइंगं. ऑटोकॅडची दोन पूर्ण लायसन्सं, तीन एलटी २०२४ (कमी सोयींची आवृत्ती). तपासणी म्हणजे एक सीनियर प्रिंटवर नजर फिरवतो, एवढीच.

निसटणाऱ्या चुका तीन जातींच्या आहेत. एक, हाताने टाइप केलेलं माप: भिंत सरकली, आकडा जिथल्या तिथे. दोन, कॉलम शेड्यूलमध्ये ३०० × ७५० आणि प्लॅनमध्ये ३०० × ६००. तीन, शीटवर आर३ (तिसरी रिव्हिजन) लिहिलंय पण आतला एक्सरेफ, म्हणजे बाहेरून जोडलेली ड्रॉइंग फाइल, आर२ चा.

विचारायचं असं की, ऑटोकॅडमधला तयार स्टँडर्ड्स चेकर यासाठी पुरेल का? लिस्प (ऑटोकॅडच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम) लिहायची तर आधी कशाची? आणि चूक सापडली की लिस्पनेच दुरुस्त करून टाकली तर काय हरकत आहे? १३८ शीट हाताने उघडून बसायचं म्हणजे दोन दिवस गेले.

ओळंबा

स्टँडर्ड्स चेकर डीडब्ल्यूएस फाइलशी, म्हणजे ठरलेले नियम साठवलेल्या फाइलशी, ताडून चार गोष्टी बघतो: लेयर, डिमेन्शन स्टाइल, टेक्स्ट स्टाइल आणि लाइनटाइप. लेयरचा रंग चुकला तर सांगेल. त्या लेयरवर बीम काढलाय की खिडकी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुमच्या तिन्हींपैकी एकही चूक त्याला सापडणार नाही. जरूर वापरा, पण तेवढ्याने तपासणी झाली असं धरू नका.

लिस्प आधी टाइप केलेल्या मापांची लिहा, कारण ती पन्नास-साठ ओळींत होते आणि साइटवर सर्वात महाग पडणारी चूक हीच. प्रत्येक डिमेन्शनच्या डेटात कोड १ म्हणजे वर दिसणारा मजकूर आणि कोड ४२ म्हणजे खरं मोजलेलं अंतर. कोड १ रिकामा असेल, किंवा त्यात लहान-मोठेपणाच्या चिन्हांची जोडी (<>) असेल, तर आकडा ऑटोकॅडचा. मजकूर आहे पण जोडी नाही, म्हणजे आकडा माणसाचा.

यात फसायच्या जागा बऱ्याच आहेत:

‘एसएसगेट’ला (वस्तू निवडणारं लिस्पचं फंक्शन) ‘एक्स’ दिला की गोठवलेल्या, कुलूपबंद लेयरवरचं आणि सगळ्या लेआउटमधलं हाती येतं, पण ब्लॉकच्या (एकत्र बांधून एक वस्तू केलेल्या चित्राच्या) पोटातलं येत नाही. टॉयलेट डिटेल, जिना, किचन ओटा हे बहुधा ब्लॉक असतात आणि टाइप केलेली मापंही नेमकी तिथेच लपतात. त्यासाठी ब्लॉक टेबलातून एकेका व्याख्येत शिरून आतल्या वस्तू वाचाव्या लागतात.

एक्सप्लोड केलेलं डिमेन्शन हे डिमेन्शन उरतच नाही. रेषा आणि मजकूर होतो. त्यामुळे डिमेन्शनच्या लेयरवर सुटा मजकूर सापडला आणि त्यात नुसते अंक असले, तर तो थेट संशयित.

डिमलफॅक (मोजलेल्या अंतराला गुणणारा आकडा) १ नसेल तर तेही अहवालात हवं. एक्सरेफऐवजी डिटेल चौपट मोठं काढून डिमलफॅक ०.२५ ठेवण्याची सवय काहींना असते. त्याच डिमेन्शनची सेटिंग मॅचप्रॉपने (गुणधर्म उचलून दुसरीकडे लावणारी कमांड) मूळ प्लॅनवर गेली की ४००० ची भिंत १००० दाखवते, आणि तिथे कोड १ रिकामा असल्याने पहिली चाळणी तिला सोडून देते.

आता डिमआरएनडी, म्हणजे मापं कितीच्या पटीत गोल करायची ते ठरवणारा आकडा. मापं ५ च्या पटीत दिसावीत म्हणून तो ५ ठेवतात. तीन खोल्या प्रत्येकी १२३३ असतील तर प्रत्येक माप १२३५ दिसतं आणि बेरीज होते ३७०५. एकूण माप ३६९९, ते दिसतं ३७००. साइटवर मिस्त्री बेरीज करतो आणि फोन येतो. उपाय डिमआरएनडी शून्य करणं एवढाच, मग १२३३ असं ओंगळ माप उघडं पडतं आणि ड्राफ्ट्समनला भिंत नीट जागेवर आणावी लागते. ते ओंगळ दिसणंच उपयोगाचं आहे.

दुरुस्तीबद्दल: लिस्पने काहीही बदलू नये, फक्त सांगावं. टाइप केलेलं ३०५०, मोजलेलं ३०००. यातलं खरं कुठलं? कधी रेषा बरोबर असते. पण कधी आर्किटेक्टने फोनवर ३०५० सांगितलेलं असतं आणि घाईत फक्त आकडा बदललेला असतो. लिस्पने तो पुसून ३००० केला की खरी सूचना गेली, वर अहवालही स्वच्छ. ओव्हरकिलचं, म्हणजे दुबार रेषा साफ करणाऱ्या कमांडचं, तसंच. एका रेषेत येणाऱ्या, थोड्या एकमेकांवर चढलेल्या रेषा तो जोडून एक करतो. आर्किटेक्चरच्या फाइलला ठीक, पण बीमच्या उभ्या काटछेदात सळयांचा लॅप (दोन सळयांची टोकं एकमेकांवर घेऊन केलेला जोड) तसाच काढलेला असतो. ओव्हरकिल फिरवला की लॅप गायब, सळई सलग. आरसीसीच्या फाइलवर तो बॅचमध्ये लावूच नका.

अहवाल साधा सीएसव्ही ठेवा: शीट, तपासणीचं नाव, वस्तूचं हँडल (ऑटोकॅडने वस्तूला दिलेला ओळख क्रमांक), टाइप केलेलं, मोजलेलं, फरक. हँडल हवंच. दुसरी छोटी लिस्प हँडल घेऊन थेट त्या वस्तूवर झूम करते; नाहीतर १३८ शीटमध्ये ‘कुठेतरी एक माप चुकलंय’ हे कळून काय फायदा?

सळईवाला

ओळंबा यांच्याशी सहमत. कॉलमचं मी लिहितो.

आधी दोन्ही बाजूंचा आरंभबिंदू एक हवा. ग्रिड अ आणि ग्रिड १ जिथे छेदतात तो शून्य-शून्य, आर्किटेक्टच्या फाइलमध्येही आणि आरसीसीच्या फाइलमध्येही. हे ठरलेलं नसेल तर पुढचं काही लिहू नका.

मग प्रत्येक कॉलम म्हणजे एका ठरलेल्या लेयरवरची बंद पॉलिलाइन, आणि त्याचं नाव म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट असलेला, म्हणजे आत मजकूर भरता येणारा ब्लॉक, कॉलमच्या बरोबर मध्यावर, प्रिंट न होणाऱ्या लेयरवर. ‘आत पडणारा मजकूर म्हणजे नाव’ ही युक्ती २३० रुंदीच्या कॉलमला फसते, कारण नाव बाहेर काढून लीडर लावलेला असतो.

माप काढताना चौकटीची टोकं घेऊ नका. कॉलम तिरपा असेल तर चौकट फुगते. बाजूंची लांबी मोजा. पण नुसत्या लांबीने ३०० × ७५० आणि ७५० × ३०० सारखेच ठरतात, आणि आडवा-उभा कॉलम ही चूक तर नेहमीची! म्हणून शेड्यूलमध्ये पहिला आकडा नेहमी क्ष दिशेचा, असा नियम करा आणि लिस्पमध्ये बाजूची दिशाही तपासा. एल किंवा सी आकाराच्या शिअर वॉलला कोपऱ्यांची संख्या आणि क्षेत्रफळ या दोनच गोष्टी ताडून बघा. तिथे जास्त हुशारी करायला गेलात तर खोटे इशारे वाढतात.

शेड्यूलशी जुळवताना नुसतं कॉलमचं नाव पुरत नाही. ‘नाव + मजल्यांचा गट’ अशी किल्ली करा, कारण वर कॉलम लहान होतो. आणि लहान झाला की मध्य सरकतो. ७५० चा ६०० झाला आणि बाहेरची बाजू तीच ठेवली तर मध्य ७५ मिमी हलणार. ती चूक नव्हे. पण ७५ ऐवजी ४० निघाले तर कुठलीच बाजू जुळत नाही असा अर्थ, आणि खालच्या सळया वर नेताना फिटर वैतागणार. जागेसाठी सूट १ मिमी, मापासाठी शून्य.

जाता जाता बीबीएसचं (सळया कापण्या-वाकवण्याच्या तक्त्याचं) सांगतो, कारण ऑटोमेशन म्हटलं की लोक आधी तिथेच धावतात. वजनाचं सूत्र व्यासाचा वर्ग भागिले १६२, त्यात कोणी चुकत नाही. चुकतो तो रिंगांचा हिशोब. बीमचा निव्वळ गाळा ४१५० धरा. दोन्ही टोकांना ११०० लांबीत १०० वर रिंगा, मधल्या १९५० मध्ये १५० वर. पट्टागणिक ‘अधिक एक’ करणारी एक्सेल १२ + १४ + १२ म्हणजे ३८ सांगते. खरं तर अंतरं ११ + १३ + ११ म्हणजे ३५, आणि रिंगा ३६. सीमेवरची रिंग दोनदा मोजली जाते. बीममागे दोन रिंगा म्हणजे मजल्यात आणि बारा मजल्यांत किती, ते तुम्हीच मोजा. दुसरं, कटिंग लेंथ १२ मीटरच्या वर गेली की ओळ लाल झाली पाहिजे, कारण सळई बारा मीटरची येते आणि लॅप कुठे द्यायचा हे ड्रॉइंगवर लिहावंच लागतं.

काटकोन

दोघांचेही आभार. ओव्हरकिलचं लक्षातच आलं नव्हतं. पुढची शंका: शीट एकेक न उघडता कोअर कन्सोलमधून (ऑटोकॅडचा खिडकीशिवाय चालणारा भाग) लिस्प चालवली तर ‘नो फंक्शन डेफिनिशन’ येतं. तीच लिस्प ऑटोकॅडमध्ये बिनबोभाट चालते.

डिफपॉइंट्स

लिस्पमध्ये कुठेतरी व्हीएलए किंवा व्हीएलएएक्सने सुरू होणारं फंक्शन असणार. कोअर कन्सोलला ते माहीतच नाही, अ‍ॅक्टिव्हएक्सचा सगळा भाग तिथे वगळलेला आहे. ‘एन्टगेट’, ‘एन्टनेक्स्ट’, ‘टेबलनेक्स्ट’वर लिहा. नुसतं वाचायचंच आहे, त्यामुळे काही अडत नाही. डायलॉग उघडणारी कमांड चालणार नाही, आधी डॅश लावलेलीच हवी. लिस्पचा फोल्डर ट्रस्टेड पाथमध्ये टाका. आणि सर्व्हरवरच्या मूळ फाइलींवर चालवू नका; संध्याकाळी सगळा प्रोजेक्ट फोल्डर, आतली रचना न मोडता, लोकल डिस्कवर कॉपी करा आणि तिथे फिरवा. रचना मोडली तर खाली लिहिलेली भानगड तुम्हीच तयार कराल.

ती भानगड म्हणजे तुमची तिसरी चूक. एक्सरेफ साठवलेल्या मार्गावर सापडला नाही तर ऑटोकॅड गप्प बसत नाही. त्याच नावाची फाइल यजमान ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये आहे का बघतो, मग प्रोजेक्ट आणि सपोर्टच्या मार्गांवर. तिथे कोणी मेलमधून उतरवलेली जुनी प्रत पडलेली असली की ती लोड होते. ना लाल खूण, ना तक्रार. एक्सरेफच्या पॅलेटमध्ये ‘सेव्ह्ड पाथ’ आणि ‘फाउंड अ‍ॅट’ असे दोन रकाने असतात. ते दोन्ही एकाच जागेकडे बोट दाखवत नसतील तर शीट अडवायची.

त्याहून पक्का इलाज असा: प्रत्येक बेस प्लॅनच्या मॉडेलस्पेसमध्ये, शून्य-शून्यच्या डावीकडे, रिव्हिजन लिहिलेला एक छोटा अ‍ॅट्रिब्यूट ब्लॉक ठेवा, प्रिंट न होणाऱ्या लेयरवर. लिस्प शीटमधल्या एक्सरेफच्या ब्लॉक-व्याख्येत शिरून तो वाचते आणि टायटल ब्लॉकच्या रिव्हिजनशी ताडते. शीट आर३, आतला ब्लॉक आर२, तर अडवली. फाइलच्या नावात रिव्हिजन घालून हे साधत नाही. दर वेळी नाव बदललं की तीसेक शीटमधले मार्ग तुटतात.

माझ्या नावाला जागून एक तपासणी: डिफपॉइंट्स लेयरवर काय काय आहे ते मोजा. त्या लेयरवरचं स्क्रीनवर दिसतं, प्रिंटमध्ये येत नाही. चुकून तो लेयर करंट असताना त्यावर काढलेली भिंत पीडीएफमध्ये नसते आणि ड्राफ्ट्समन शपथेवर सांगतो की ‘मी काढलीय’. दोघंही खरं बोलत असतात.

सर्व्हेची फाइल मीटरमध्ये आणि तुमची मिमीमध्ये असेल तर दोन्हींचं इन्सयुनिट्स बघा, ६ म्हणजे मीटर, ४ म्हणजे मिलिमीटर. शून्य सापडलं तर ‘एकक ठरलेलं नाही’, आणि जोडताना हजारपटीचा घोळ तिथूनच होतो. टोटल स्टेशनवाल्याने (सर्व्हेवाल्याने) यूटीएममध्ये, म्हणजे जागतिक नकाशाच्या मीटर-निर्देशांकांत, दिलं असेल तर पुण्याच्या आसपास नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर) २० लाख ४८ हजार मीटरच्या घरात असतं. ते मिमीमध्ये करून तिथेच इमारत काढली की हॅच फाटतात, स्नॅप थरथरतो. इमारत शून्याजवळ काढा आणि सर्व्हेला हलवून-फिरवून एक्सरेफ करा, उलटं नको.

जोता

वरचं सगळं फाइलीची तपासणी आहे. फाइल निर्दोष आणि ड्रॉइंग चुकीचं असं अगदी होऊ शकतं. यंत्राने इतका वेळ वाचवला तर सीनियरने तो पुढच्या गोष्टींवर घालवावा.

जिना घ्या. मजल्याची उंची ३०००, चढ १५०, म्हणजे २० चढ. दोन फ्लाइट १०-१०, तर पायऱ्या ९-९. ९ × २५० म्हणजे फ्लाइट २२५०. इथवर एक्सेलही बघेल. आता फिनिश. मजल्यावर लादीसकट ६० मिमी, पायरीवर मसाला धरून ४०. तयार चढ सगळे १५० हवे असतील तर आरसीसीचा पहिला चढ १५० + ६० − ४० म्हणजे १७० आणि शेवटचा १५० + ४० − ६० म्हणजे १३०. आरसीसीच्या शीटवर वीसच्या वीस चढ १५० दिसले की ते शीट परत पाठवा. तसंच ओतलं तर लादी बसल्यावर पहिला चढ १३० आणि शेवटचा १७० होतो, आणि मग तो झाकायला कोणी मसाला जाड करतं, कोणी पायरी तासतं.

लेव्हलचंही असंच. आर्किटेक्ट एफएफएल (लादीसकट तयार मजल्याची लेव्हल) लिहितो, आरसीसीवाला स्लॅबची लेव्हल. दोन्ही शीटवर +३०००च असेल तर एकाने तरी विचार केलेला नाही. टॉयलेटचा सनक (खाली उतरवलेला) स्लॅब, बाजूच्या बीमची खोली आणि खिडकीचा लिंटल हे एकाच काटछेदावर, एकाच पेनाने, मापं टाकून बघा. त्याला लिस्प नाही. पिवळ्या पेन्सिलने प्रत्येक बरोबर आकड्यावर खूण आणि लालने चूक. जिथे कुठलीच खूण नाही तो आकडा कोणी वाचलेलाच नाही. नजर फिरवणं आणि तपासणं यातला फरक तो पिवळा रंग दाखवतो.

ओळंबा यांच्याशी एक मतभेद. लिस्प काही बदलू नये हे जीएफसीला ठीक, पण मंजुरीच्या ड्रॉइंगमधल्या क्षेत्रफळांना स्वयंचलित आकडे हवेतच. यूडीसीपीआरखाली (राज्याची बांधकाम नियमावली) एफएसआय पी-लाइनवर (इमारतीच्या बाहेरच्या कडेवर) मोजायचा, बाहेरच्या भिंती धरून. रेराचा कार्पेट बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी आणि उघडी टेरेस सोडून, पण आतल्या पार्टिशन भिंती धरून. दोन वेगळ्या पॉलिलाइन, दोन वेगळे लेयर. एकच पॉलिलाइन दोन्हीकडे वापरली की पुढचे सगळे तक्ते वाहवत जातात. तक्त्यातला आकडा टाइप न करता फील्ड लावून पॉलिलाइनला जोडा, चौरस मिमीचे चौरस मीटर करायला दहा लाखाने भाग. फक्त फील्डचा मजकूर तेवढा उचलून दुसऱ्या फ्लॅटवर ठेवू नका. तो जुन्याच पॉलिलाइनचं क्षेत्रफळ इमानदारीत दाखवत राहतो.

आणि पॉलिलाइन खरोखर बंद हवी. पहिला आणि शेवटचा बिंदू एकावर एक आला तरी ‘क्लोज्ड’ची खूण नसेल तर ऑटोकॅड क्षेत्रफळ बरोबर सांगतो, पण पालिकेकडची संगणकी छाननी ती आकृती धरत नाही. कोड ७० मधला पहिला बिट बघितला की कळतं.

ओळंबा

क्षेत्रफळाचं मान्य. फील्डने भूमिती बदलत नाही, आकडा भूमितीमागे जातो. माझा विरोध उलट्या गोष्टीला होता.

काटकोन, इशाऱ्यांचे दोनच वर्ग करा: शीट अडवणारे आणि नुसते नोंदवलेले. अडवणाऱ्यांत टाइप केलेलं माप, कॉलमचा फरक, एक्सरेफचा मार्ग किंवा रिव्हिजन, डिफपॉइंट्सवरची वस्तू, फाइलचं नाव आणि शीट क्रमांक न जुळणं. बास. लेयरचा रंग, न वापरलेले ब्लॉक, फॉन्ट हे नोंदीत. पहिल्याच दिवशी अहवालात दोन हजार ओळी आल्या तर दुसऱ्या दिवशी तो कोणी उघडत नाही.

काटकोन

आज रात्री टाइप केलेल्या मापांचीच फिरवतो. एलटीच्या तीन मशीनवर काय चालेल?

डिफपॉइंट्स

एलटी २०२४ मध्ये लिस्प चालते, त्याआधीच्या एलटीत नाही. थेट एक्सेल उघडून त्यात लिहिणारी लिस्प मात्र तिथे नको, सीएसव्हीच लिहा. आणि शीट क्रमांक ३-१२ असा असेल तर सीएसव्हीत त्याच्या आधी एखादं अक्षर घाला. एक्सेल त्याची तारीख करून टाकतं आणि मग शीटचं नाव जुळत नाही म्हणून सगळ्याच शीट अडतात.